ठाणे ते साष्टी, नाताळला आजी-आजोबांकडे गाडीने: रस्ता, वेळ, सामान

किनारपट्टी | ४ डिसेंबर, रात्री ९:१२

ठाण्याहून गोव्यात चांदोरला (मडगावच्या पूर्वेला, साष्टी तालुका) जायचं आहे. सात आसनी पेट्रोल गाडी, गिअर हाताने टाकायचे. चार मोठी माणसं, त्यांतल्या एक ६८ वर्षांच्या आणि गुडघे दुखणाऱ्या. दोन मुलं, ७ आणि २ वर्षांची. गाडी चालवणारे दोघं. २४ च्या रात्रीच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) गावात असणं पक्कं आहे, बाकी सगळं मागेपुढे होऊ शकतं. यंदा २५ तारीख शुक्रवारी, म्हणजे जोडून तीन दिवस सुट्टी, त्यामुळे गर्दी होणारच. कोकणातून उतरावं की कोल्हापूरकडून? मुक्काम करावा का? आणि परतताना आजी डबेच्या डबे कुसवार (नाताळचा फराळ) देणार, ते नीट कसं आणावं? जाणकारांनी लिहावं.

घाटमाथा | ४ डिसेंबर, रात्री १०:०५

मिसाची वेळ हलत नाही आणि सूर्यास्तही हलत नाही. तेव्हा हिशेब शेवटाकडून मागे करा. डिसेंबर अखेरीस गोव्यात सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो. म्हणजे २४ ला दुपारी तीनपर्यंत चांदोर, अकराच्या आत आंबोली घाट उतरायला सुरुवात, सकाळी साडेसातला कोल्हापुरातून बाहेर. याचा अर्थ २३ ची रात्र कोल्हापूर किंवा निपाणीत. लहान मुलं आणि गुडघे हे दोन्ही गाडीत असताना ६१०-६२० किलोमीटर एका दमात करू नका. चालवणारे दोघं असले तरी बसणारे तेच असतात.

२३ ला ठाण्याहून पहाटे साडेचारला निघा. खंडाळ्याचा चढ सहाच्या आत आणि वाकड ते नवले पूल हा पुण्याचा बाह्यवळण रस्ता साडेसातच्या आत पार झाला पाहिजे. या दोन ठिकाणी एक तास उशीर झाला की पुढे अडीच तासांचा होतो. खंबाटकी चढताना जोडसुट्टीला गाड्या तापून कडेला उभ्या दिसतात. तो चढ सकाळी नऊच्या आत घेतला तर कळतही नाही. सातारा ते कागल सहापदरीकरणामुळे जिथे तिथे सेवारस्त्यावर उतरवतात, तिथे खड्डे आहेत. ठाणे ते कोल्हापूर साधारण ३७५ किलोमीटर, थांबे धरून आठ-साडेआठ तास. दुपारी जेवायला कोल्हापूर.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूर, कागल, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, दाणोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी, आगशी, कुठ्ठाळी, वेर्णा, मडगाव. साधारण २४५ किलोमीटर आणि सहा तास.

तांबडीमाती | ४ डिसेंबर, रात्री १०:४१

कोकणातून गेलं तर पन्नास किलोमीटर वाचतील आणि पुणं पूर्ण टळेल. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट डोक्यातून काढून टाका. खारेपाटणपासून झारापपर्यंत चौपदरी काँक्रीट आहे, तिथून पुढे पत्रादेवीपर्यंतही रस्ता चांगला. द्रुतगती मार्गाच्या टोलचे पैसेही वाचतात.

घाटमाथा | ४ डिसेंबर, रात्री ११:०२

तांबडीमाती, सिंधुदुर्गाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. अडचण त्याच्या वरच्या भागाची आहे. इंदापूर आणि माणगावला गावातून जाणारी रांग सुट्टीच्या आदल्या दिवशी दीड-दोन तास खाते. पुढे संगमेश्वर ते लांजा या पट्ट्यात नवं काँक्रीट आणि जुनं डांबर आलटून पालटून येतं. रात्री चार पदरांचे अचानक दोन होतात आणि समोरून येणारी गाडी तुमच्याच पट्ट्यात असते. पाट्या असतात, पण वळणाच्या अगदी तोंडाशी. दिवसाउजेडी, आठवड्याच्या मधल्या वारी, मोठी माणसंच असतील तर मीही कोकणच सुचवेन. २३-२४ डिसेंबरला दोन वर्षांचं मूल घेऊन नाही.

मधला पर्यायही आहे. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली असं उतरायचं आणि तिथून मुंबई–गोवा महामार्ग ६६ चा चांगला भाग घ्यायचा. पुढचा रस्ता ऐसपैस मिळतो, पण फोंडाघाटात मालमोटारी जास्त. आंबोली बंद असेल तर हा लक्षात ठेवा.

ऊसपट्टा | ५ डिसेंबर, सकाळी ७:२०

वरच्या सगळ्या चर्चेत एक मोठी गोष्ट राहिली: डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. कराडपासून संकेश्वरपर्यंत आणि आत गडहिंग्लज, उत्तूर, आजरा या सगळ्या भागात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर बाहेर आलेला ऊस, मागचे दिवे असले तरी वाढ्याखाली (उसाच्या शेंड्यांखाली) झाकलेले. अंधारात साठच्या वेगाने जाताना ती ट्रॉली दिसते तेव्हा अंतर वीस-पंचवीस मीटर उरलेलं असतं, आणि साठच्या वेगात गाडी थांबायला त्याच्या दुप्पट अंतर लागतं. अंधार पडल्यावर या पट्ट्यात गाडी नको, हे मुक्कामाचं खरं कारण.

दिवसाही काही गोष्टी पाळा. ओलांडताना फक्त ट्रॅक्टर बघू नका, मागची ट्रॉली डोलते आणि वळणावर आत येते. दोन ट्रॉल्यांची गाडी सहज पंधरा मीटरच्या पुढे जाते, म्हणजे दुपदरी रस्त्यावर तिला ओलांडायला समोर किमान तीनशे मीटर मोकळा सरळ रस्ता हवा. कारखान्याच्या फाट्याजवळ ट्रॉल्या उलट्या दिशेने कडेने येतात. आणि चाकाला लावलेले दगड: ट्रॉली बंद पडली की मागे मोठा दगड लावतात, ती निघून जाते, दगड तिथेच राहतो. चढावर, डाव्या पट्ट्यात. टायर फुटण्याचं हंगामातलं हे नेहमीचं कारण. एकाच ठिकाणी रस्त्यावर सांडलेला ऊस आणि डिझेलचे डाग दिसले की दगड शोधा.

पाना_तेरा_चौदा | ५ डिसेंबर, सकाळी ११:३५

गाडीकडे येऊ या. सात आसनी म्हणजे हवं तेवढं भरता येतं असं नाही. आरसी बुकात गाडीचं रिकामं वजन आणि कमाल भारासकट वजन असे दोन आकडे असतात. दोन्हींतला फरक म्हणजे माणसं अधिक सामान. तो साधारण पाचशे किलोच्या आसपास निघेल. चार मोठी, दोन मुलं, मुलांच्या दोन आसनगाद्या यांत ३२०-३४० किलो गेलेच. परतताना नारळाचं पोतं, डबे, तांदूळ घेतलेत की आकडा कधी ओलांडला ते कळत नाही, आणि तेव्हाच आंबोली चढायची असते.

टायरची हवा: चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर कमी भार आणि पूर्ण भार असे वेगळे आकडे असतात; तुम्ही पूर्ण भाराचाच घ्या, मागच्या चाकांचा वेगळा असेल तर तो वेगळा. गाडी रात्रभर उभी असताना, पहिल्या दोन-तीन किलोमीटरच्या आत मोजा. प्रवासात टायर गरम झाल्यावर आकडा चार-पाच पॉइंट वाढलेला दिसतो, तेव्हा हवा काढायची नाही. पंपावरचा मुलगा काढतो, त्याला थांबवा. स्टेपनीत हवा भरा आणि ती बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावरची वेगमर्यादा वाचा, बहुतेक ८०. जॅक आणि पाना सगळ्या सामानाच्या तळाशी जातो, म्हणून तो आधीच काढून पुढच्या आसनाखाली ठेवा. टायरच्या बाजूच्या भिंतीला फुगा असेल तर निघण्याआधी टायर बदला, त्याचं पंक्चर काढता येत नाही.

हेडलाइटच्या बटणाजवळ ० ते ३ असं छोटं चाक असतं. मागे वजन भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुमच्या भाराला ते २ किंवा ३ वर ठेवा. नव्वद टक्के लोकांनी त्याला कधी हात लावलेला नसतो.

आता घाट. आंबोली गाव साधारण ६९० मीटरवर आहे आणि दाणोलीपर्यंत ती उंची थोड्या किलोमीटरांत उतरायची. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना, म्हणजे दुसरा, सरळ भागात तिसरा. ब्रेक दाबून धरायचा नाही. दाबा, वेग उतरवा, सोडा. सतत पाय ठेवला तर पॅड तापतात, जळका वास येतो, पेडल मऊ होतं आणि खाली जातं. तसं झालं तर रुंद जागी थांबा, वीस मिनिटं गार होऊ द्या, डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचत नाही: गिअरमध्ये उतरताना आजच्या इंजिनांचं इंधन जवळजवळ बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहतं.

हे वाचणाऱ्या ऑटोमॅटिकवाल्यांसाठी: एएमटी (क्लच आपोआप दाबणारी) गाडी चढावरच्या रांगेत ॲक्सिलरेटरवर धरून उभी करू नका, क्लच जळतो, हँडब्रेक ओढा. दुहेरी क्लचच्या गाडीलाही खंडाळ्यातल्या इंचाइंचाने सरकण्याचा त्रास होतो. पुढे एक गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

चिऊकाऊ | ५ डिसेंबर, दुपारी ३:१०

बसायची मांडणी आधी ठरवा, ती सामानावर परिणाम करते. गुडघेदुखीच्या आजी पुढे, आसन शेवटपर्यंत मागे ढकलून. मधल्या रांगेत दोन्ही मुलं आणि मध्ये शक्य असेल तर एक बारीक माणूस. तिसऱ्या रांगेत एकजण, आणि ती रांग अर्धी अर्धी मोडत असेल तर दुसरा अर्धा भाग सामानाला. तिसऱ्या रांगेत बहुतेक गाड्यांना आयसोफिक्सचे (आसनगादी पक्की अडकवायचे) हूक नसतात, म्हणून लहान मूल तिथे नको. १४ वर्षांखालचं मूल पट्टा किंवा आसनगादीशिवाय बसवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली १,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, आजीच्या मांडीवरचं मूल अचानक ब्रेक लागल्यावर धरून ठेवणं कोणालाच जमत नाही. सात वर्षांच्याला बूस्टर (उंच करणारी गादी) हवा. पट्टा मानेवरून न जाता खांद्याच्या मधून गेला पाहिजे. पहाटे थंडी असते म्हणून जाड जाकीट घालून पट्टा लावू नका, तो सैल राहतो. जाकीट काढून पट्टा, वर शाल.

ओकारीचा प्रश्न आजऱ्यानंतर सुरू होतो. कोल्हापूरहून निघताना मुलांना दूध भरपेट देऊ नका; पोळीचा तुकडा, कोरडी इडली, खारी असं थोडं. मोबाइल, चित्रांचं पुस्तक, दोन्ही आजऱ्याला बंद. मुलाला पुढची काच दिसेल अशी उंची हवी. औषध द्यायचं असेल तर घाटाच्या साधारण तासभर आधी द्यावं लागतं, घाट सुरू झाल्यावर दिलेलं बाहेरच येतं. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मनाने काहीही नको. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली देत नाहीत, आणि वरच्यांनाही मात्रा वजनावर, म्हणून मुलांच्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारून ठेवा. झिप लावायच्या जाड पिशव्या, ओला रुमाल आणि मुलाच्या कपड्यांचा एक जोड पुढच्या कप्प्यात ठेवा, बॅगेत नाही.

स्वच्छतागृहं: द्रुतगती मार्गावर फूड मॉल, पुढे कागलपर्यंत मोठे पंप. आजऱ्यात थांबाच, कारण पुढे सावंतवाडीपर्यंत ठीकठाक जागा मोजक्या. ज्येष्ठांनी दर दोन तासांनी दहा मिनिटं चालायचं आहे, पाणी कमी पिऊन थांबे वाचवायचे नाहीत.

सुट्टेपैसे | ५ डिसेंबर, रात्री ८:४८

टोलचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो, म्हणून एकदा स्पष्ट लिहितो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना फास्टॅग वार्षिक पास मिळतो (सुरुवातीला ३,००० रुपयांचा होता), एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा आहे, तिथे पास असला तरी टॅगमधून पूर्ण पैसे कापले जातात. शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूचंही तेच. म्हणून पास आहे म्हणून टॅग रिकामा ठेवू नका, शिल्लक हवीच. राष्ट्रीय महामार्गांवर टॅग बंद पडला तर यूपीआयने सव्वापट. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी आणि हद्द ओलांडल्यावर कोगनोळी एवढे नाके तुमच्या वाटेत. ठाण्याहून ऐरोलीमार्गे निघालात तर तिथला मुंबई प्रवेशाचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना माफ आहे.

पेट्रोल: महाराष्ट्रापेक्षा कर्नाटकात आणि त्याहून गोव्यात साधारणपणे स्वस्त असतं. कोल्हापुरात टाकी भरू नका, निपाणीला भरा. परतताना मडगावला पूर्ण भरा.

मोतीतलाव | ६ डिसेंबर, सकाळी ९:१५

आंबोलीबद्दल थोडं. डिसेंबरात धबधबा म्हणजे ओल्या कातळावरची एक रेघ, त्यासाठी थांबून घाटात गाड्यांची रांग लावू नका. माकडांना खाऊ घातला की ती उघड्या खिडकीतून हात घालतात, मुलांच्या बाजूच्या काचा वर ठेवा. सकाळी धुकं असू शकतं, तेव्हा खालचे दिवे लावायचे. चारही इंडिकेटर लावून चालू नका, मागच्याला तुम्ही वळणार की थांबणार ते कळत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियम आहे. जाताना तुम्ही उतरणारे, तेव्हा अरुंद जागी तुम्ही थांबा.

सावंतवाडीत मोती तलावाकाठी मुलांचे पाय मोकळे होतात. लाकडी फळं, भातुकली घ्यायची तर इथेच थांबा, आजीला नाताळची भेट म्हणूनही शोभते.

परतताना इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. आजोबांनी प्रेमाने दिलेली फेणीची बाटली तिथे प्रेमाने बघत नाहीत. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि गाडीही जप्त होऊ शकते. एक बाटली चालते, सील असलं की चालतं, बिल असलं की चालतं, या सगळ्या ऐकीव गोष्टी. निघण्याआधी डिकी स्वतः तपासा, आजोबा न सांगता ठेवतात.

साष्टीकर | ६ डिसेंबर, दुपारी १२:५०

रस्त्याचं झालं, आता घराचं. आजी-आजोबा दोघंच राहतात त्या घरात एकदम सहा-आठ माणसं वाढली की आधी पाणी संपतं आणि मग गॅस. एक आठवडा आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: टाकी किती लिटरची आणि पंप चालतो का, भरलेला जादा सिलिंडर आहे का, आणि वरच्या मजल्यावरच्या संडासाचं पाणी बरोबर जातं का. वर्षभर बंद असलेल्या खोलीतला गीझर पहिल्यांदा तुम्ही २४ ला संध्याकाळी लावणार असाल तर तो त्याच वेळी बंद पडेल. गादी-चादरींना ऊन दाखवायला त्यांना सांगू नका, एखाद्या बाईला पैसे देऊन करून घ्या.

त्यांच्या नेहमीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जादा घेऊन या, सुट्टीत गावातलं औषधांचं दुकान बंद मिळतं. पोदेराला (पाववाल्याला) २३ लाच सांगून ठेवायचं: २५ ला किती पाव, किती पोई (कोंड्याचे पाव). सोरपोतेल हा शिरक्यातला डुकराच्या मांसाचा पदार्थ, त्याचं मांस किमान चार-पाच दिवस आधी सांगितलेलं हवं. खरं तर सोरपोतेल २१-२२ लाच शिजलेलं असतं, दोन-तीन दिवस मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही, तेव्हा शहरातून "आम्ही येऊन करू" असं म्हणू नका. तुमचा उपयोग गोठो (येशूजन्माचा देखावा) मांडायला, नखेत्र (चांदणीचा आकाशकंदील) टांगायला आणि कोंसोआदाच्या (नाताळच्या फराळाच्या) पिशव्या शेजाऱ्यांकडे पोचवायला. म्हणूनही दुपारी तीनची वेळ बरोबर आहे.

मिसाची वेळ गावागणिक वेगळी, रात्री दहापासून मध्यरात्रीपर्यंत कुठेही. आजोबांना विचारा. ज्येष्ठांना खुर्ची हवी तर पाऊण तास आधी. चर्चजवळ घर असेल तर गाडी अंगणातच राहू द्या. मिसा सुटल्यावर अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुचाक्या असतात आणि अर्धा तास काही हलत नाही.

वाटेबद्दल एक सांगतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पर्वरीचं उड्डाणमार्गाचं काम आणि नाताळचे पर्यटक या तिन्हींमधून तुम्हाला जायचं आहे. तुम्ही गुरुवारी येताय म्हणून बाजार टळतो. कळंगुटकडे वळणारी सगळी गर्दी गिरी-पर्वरीला असते. चांदोरला यायला दुसरी वाट आहे: बेळगाव, जांबोटी, चोर्ला, साखळी, फोंडा, बोरी, मडगाव. पणजी पूर्ण टळते. तुमचा मुक्काम निपाणीला असेल तर ही जास्त सोयीची. चोर्ल्याचा रस्ता कर्नाटकाच्या बाजूला खराब होत असतो, आदल्या दिवशी कोणाला तरी विचारून घ्या. अनमोडवरून मोले, सावर्डे असाही येतो, पण तिथे मालमोटारी.

विमानाने येणाऱ्या नातेवाइकांना आणायचं असेल तर तिकिटावर विमानतळ बघा, मोपा की दाबोळी. दोन्ही "गोवा" असतात. दाबोळीहून चांदोर तासाभराच्या आसपास, मोपाहून पावणेदोन-दोन तास, आणि २४ ला संध्याकाळी त्याहून जास्त.

विजेरी | ६ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

विद्युत गाडीवाल्यांसाठी. परतीचा आंबोली चढ घाबरण्यासारखा नाही. भरलेली गाडी दोन टन धरली तर ६९० मीटर चढायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पावणेचार युनिट, तोट्यासकट साडेचार, हे नेहमीच्या खर्चाच्या वर धरा. जास्त महत्त्वाचा प्रश्न आजीच्या घरी चार्ज करण्याचा. जुन्या घरात १६ अँपिअरचा सॉकेट असतो, पण अर्थिंग नावापुरतं. चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. आणि ज्या वायरीवर फ्रिज आणि पंप आहे त्याच वायरीवर आठ-दहा तास तीन किलोवॅट ओढलं तर जोड तापतात. आधी गावातल्या वायरमनकडून अर्थिंग आणि मीटरपासूनची वायर तपासून घ्या. साधी एक्स्टेन्शन वायर अजिबात नको, आणि वापरलीच तर गुंडाळी पूर्ण उलगडून.

मीठमसाला | ६ डिसेंबर, रात्री ९:०५

कुसवार. सगळे डबे एकत्र भरायचे नाहीत, कारण काही पदार्थ ओल सोडतात आणि काही ती शोषतात.

कुलकुल (तळलेल्या गोड गुंडाळ्या) आणि नेवऱ्यो (करंज्या) कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, वर-खाली टिश्यू. डबा काठोकाठ भरा, रिकामी जागा राहिली तर घाटात हलून चुरा होतो. नेवरीत सारण कोणतं ते आजीला विचारा: सुकं खोबरं, रवा, खसखस असेल तर पंधरा दिवस बघायला नको; ओल्या नारळाचं असेल तर दोन-तीन दिवसांत संपवायची. बोलिन्हा (नारळ-रव्याचं बिस्किट) कोरडाच, पण कुलकुलांत मिसळू नका, वास घेतो.

दोदोल म्हणजे तांदळाचं पीठ, माडाचा गूळ, नारळाचं दूध. नीट घोटलेला असेल तर स्वतःचं तेल सोडतो आणि त्यामुळेच टिकतो. बटर पेपरमध्ये, मग डब्यात, आडवा. वर येणारं तेल पुसू नका. उन्हात उभ्या गाडीत मात्र नको, पातळ होतो. बेबिंकात (थरांच्या गोड केकमध्ये) अंड्याचे बलक आणि नारळाचं दूध आहे, ते तूप कितीही असलं तरी थंडच ठेवायचं. आदल्या रात्री फ्रिजमध्ये कडक करा, कापू नका, अख्खं गुंडाळा. कापलेल्या कडा आधी खराब होतात. दोसमध्ये (एक प्रकारच्या वड्यांत) हरभऱ्याची डाळ, त्याचंही तसंच. पेराद (पेरूच्या वड्या) सगळ्यात बिनत्रासाचा, मुलांच्या हातात वाटेत द्यायला तोच.

सोरपोतेल आणायचं असेल तर दोन दिवस आधी डीप फ्रीजरमध्ये दगड होऊ द्या. स्टीलचा डबा, रबरी कड्याचा. ॲल्युमिनियम नको, शिरका त्याला खातो आणि चव कडवट होते. डबा तीन-चौथाईच भरा, गोठताना फुगतं. थर्माकोल पेटीत बर्फाच्या पिशव्या बाजूला नव्हे, वर ठेवा, गारवा खाली उतरतो. मधली फट वर्तमानपत्राने भरा. कोल्हापुरात मुक्काम असेल तर हॉटेलच्या स्वयंपाकघरात फ्रीजर आहे का, हे खोली ठरवतानाच विचारा. घरी पोचल्यावर अर्धवट सुटलेलं असेल तर परत गोठवू नका. उकळी आणून वापरायला घ्या.

किनारपट्टी | ७ डिसेंबर, सकाळी ८:००

सगळ्यांचे आभार. २३ ला पहाटे निघून कोल्हापूर मुक्काम, २४ ला आंबोलीमार्गे. परत कधी निघावं? रविवार २७ सोयीचा आहे.

घाटमाथा | ७ डिसेंबर, सकाळी ८:४०

रविवार सोडून काहीही. २७ ला संध्याकाळी लोणावळ्यापासून खाली मुंबईकडची रांग ठरलेली. शनिवारी २६ ला निघून कोल्हापुरात राहिलात तर रविवारी दुपारी दोनच्या आत खंडाळा उतरला पाहिजे, त्यासाठी कोल्हापूर सकाळी सहाला सोडा. रजा असेल तर सोमवार-मंगळवार उत्तम. तेव्हा वर्षअखेरीची गर्दी गोव्याकडे जाणारी असते आणि तुम्ही उलट दिशेने.

परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. वाहन न्यूट्रलमध्ये टाकून येणारे अवजड ट्रक तिथे ब्रेक निकामी होऊन मागून आदळतात. वेग पाटीवरच्या मर्यादेत ठेवा, ट्रकच्या पुढे किंवा दोन ट्रकांच्या मध्ये रेंगाळू नका, आणि पुढे रांग थांबलेली दिसली की लांबूनच चारही इंडिकेटर लावून हळू व्हा.

वीकेंडवाला | ७ डिसेंबर, दुपारी १:१५

मूळ धाग्याशी संबंध थोडा लांबचा, पण नवीन धागा काढत नाही. पुण्याहून दिवाडी बेटावर आजीकडे. कोल्हापूरवरून आंबोलीच का? बेटावर गाडी नेता येते ना?

साष्टीकर | ७ डिसेंबर, दुपारी २:३०

दिवाडीला पूल नाही, फेरीबोटीनेच. रायबंदरहून, जुन्या गोव्याहून आणि उत्तरेला नार्व्याहून अशा तीन जागांहून फेरी आहे. पुण्याहून येणाऱ्याने चोर्ला, साखळी, डिचोली, नार्वे असं यावं आणि तिथूनच बेटावर उतरावं. पणजीकडे जायची गरजच नाही. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर नाताळात पर्यटकांच्या गाड्या असतात.

बोटीत चढताना गाडी पहिल्या गिअरमध्ये, एका दमात, पण हळू. ओहोटीला फळी जास्त तिरकी होते आणि मागे वजन भरलेली गाडी तिच्या टोकाला घासते. वाटलं तर सगळ्यांना उतरवून फक्त चालकाने गाडी न्यावी, माणसांना तिकीट नाही. आत गेल्यावर हँडब्रेक, गिअर, दिवे बंद. संध्याकाळी पाचनंतर कामावरून परतणाऱ्यांच्या दुचाक्या आधी घुसतात आणि गाडीला दोन-तीन फेऱ्या थांबावं लागतं, म्हणून २४ ला चारच्या आत धक्क्यावर या.